परिचारिकेचा जमाखर्च : हलका विभाग आणि जड जबाबदारी

(बी. कॉम. भाग २)

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर हातात दिवा घेतलेली एक स्त्री उभी राहते. शाळेच्या पुस्तकांनी ते चित्र आपल्या मनावर कायमचे कोरून ठेवले आहे. परंतु त्याच बाईंच्या दुसऱ्या हातात लेखणी होती, हे आपल्याला फारसे कोणी सांगितले नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक दगावतात, हे त्यांनी आकडे मांडून दाखवून दिले. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने पहिली महिला सदस्य म्हणून त्यांची निवड केली ती याच कामामुळे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने नर्सिंगवर लेख लिहावा हे ज्यांना नवल वाटेल, त्यांच्यासाठी एवढा दाखला पुरेसा आहे.

मराठीत आपण ‘परिचारिका’ हा शब्द लिहितो, पण वॉर्डात हाक मारतो ती ‘सिस्टर’ अशीच. आपल्या अंकाच्या कन्नड विभागाचे वाचक तिला ‘दादी’ म्हणतात. हा शब्द ऐकला की मराठी माणसाला आपली ‘दाई’ आठवते. नावे किती का असेनात, प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. माझी मावसबहीण इंदूरला एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. होळकरशाहीपासून इंदुरात मराठी घरे नांदत आली आहेत, आणि आज माळवा व निमाड या दोन्ही भागांतले रुग्ण उपचारासाठी त्याच शहरात येतात. मी बी. कॉम.ला कायदा आणि विमा हे विषय शिकते आहे असे कळल्यावर ताईने मला विचारले, “असा एखादा विभाग आहे का ग, जिथे डोके जरा शांत राहील आणि कोर्टाची पायरीही चढावी लागणार नाही?” प्रस्तुत लेख म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. आपल्या सीमाभागातून दरवर्षी कितीतरी मुली आणि आता मुलेही नर्सिंगला जातात. त्यांनाही तो उपयोगी पडेल अशी आशा आहे.

ताण वेगळा, जोखीम वेगळी

ताईच्या एका प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न आहेत. डोके शांत राहणे ही ताणाची गोष्ट झाली, तर कोर्टाची पायरी ही जोखमीची. आपण ही दोन्ही खाती एकच समजतो आणि तेथेच हिशेब चुकतो. जेथे धावपळ कमी तेथे धोकाही कमी, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तसे असतेच असे नाही.

ताण कशाने येतो? एका पाळीत किती रुग्ण सांभाळायचे, काम ठरलेले असते की अचानक अंगावर येते, रात्रपाळ्या किती लागतात, नातेवाइकांच्या रागाला तोंड कोणी द्यायचे, यांवर तो अवलंबून असतो. जोखीम मात्र निराळ्या गोष्टींवर ठरते. चूक झाली तर ती सुधारायला वेळ मिळतो का? हाक मारल्यावर डॉक्टर किती मिनिटांत येतात? आपण केलेल्या कामाला दुसरा साक्षीदार आहे का? आणि ते कागदावर उतरते का? हे दोन तराजू हातात घेऊन काही विभाग पाहू.

विभागांची पाहणी

अतिदक्षता विभागाचे नाव काढले की नव्या मुली घाबरतात, आणि ते स्वाभाविक आहे. यंत्रांचे आवाज, व्हेंटिलेटर, मिनिटामिनिटाला बदलणारी प्रकृती यांमुळे मनावरचा भार मोठा असतो. परंतु इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे तेथे एका रुग्णामागे एक परिचारिका अपेक्षित आहे. शिकाऊ विद्यार्थी असलेल्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात हेच प्रमाण तिघांमागे एक असे धरले आहे. शिवाय अतिदक्षता विभागात डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतात आणि तासातासाची नोंद करण्याची शिस्त असते. म्हणजे ताण जास्त असला, तरी निकष पाळले जात असतील तर आधारही जास्त असतो.

अपघात विभागात गर्दी, रक्त आणि संतापलेले नातेवाईक या तिन्ही गोष्टी एकदम येतात. विषबाधा, भाजणे, मारामारी, वाहनांचे अपघात ही सारी प्रकरणे पोलिसांकडे जाणारी असतात. त्यामुळे रुग्णाचे कपडे, जठरातून काढलेला नमुना, आणण्याची वेळ व आणणाऱ्याचे नाव या साध्या गोष्टींनाही पुढे पुराव्याचे मोल येते. येथे ताण आणि जोखीम दोन्ही जड आहेत. प्रसूती विभागातही तसेच. तेथे एकाच वेळी दोन जीव परिचारिकेच्या हाती असतात.

शस्त्रक्रियागृहात नातेवाईक नसतात आणि बरेचसे काम आधी ठरलेले असते. पोट शिवण्यापूर्वी कापसाच्या पट्ट्या आणि हत्यारे दोघींनी मोजून आकडा मोठ्याने सांगायचा असतो. कॅश काउंटरवरची रोकड दोघांनी मोजावी तसाच हा प्रकार. ज्यांना शिस्तीचे काम आवडते त्यांना हा विभाग मानवतो.

डायलिसिसचा विभाग अनेकींना आवडतो. तेच रुग्ण आठवड्यातून दोनतीनदा येतात, एकेक पाळी साधारण चार तासांची असते, ओळखी होतात, घरच्या गोष्टी निघतात. तरीही मध्येच रक्तदाब उतरू शकतो, सुई निसटू शकते. आणि काविळीच्या विषाणूची बाधा असलेल्या रुग्णासाठी वेगळे यंत्र राखून ठेवावे लागते. तेथील शांतता जागरूक राहणाऱ्यांसाठीच आहे.

बाह्यरुग्ण विभागात ठरावीक तास असतात, बहुधा रात्रपाळी नसते. लहान मुले असलेल्या परिचारिका हा विभाग मागून घेतात. परंतु एखाद्या इंजेक्शनची तीव्र प्रतिक्रिया आली तर ती काही मिनिटांत जिवावर बेतते, आणि अॅड्रिनॅलिनचा ट्रे त्या क्षणी हाताशी नसेल तर नंतर सांगितलेले कोणतेही कारण पटत नाही. सामुदायिक आरोग्याच्या कामात उन्हातान्हात हिंडणे आले, पण वॉर्डाचा गोंगाट नाही. तेथे लक्ष ठेवायचे ते लशीच्या तापमानावर आणि घड्याळावर. गोवराची लस एकदा मिसळली की ४ तासांनंतर टाकून द्यावी लागते. उरली म्हणून जपून ठेवण्याची काटकसर तेथे चालत नाही.

कारखान्याच्या दवाखान्यातली नोकरी वरकरणी सर्वांत सुखाची वाटते. इंदूरजवळच्या पीथमपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत अशा जागा असतात. दिवसभरात चार जखमा बांधायच्या, दोन गोळ्या द्यायच्या. परंतु डॉक्टर नसताना परिचारिका एकटी असते, आणि आपल्या शिक्षणाच्या पलीकडचे काम करण्याचा मोह किंवा आग्रह तेथेच होतो. ताण सर्वांत कमी आणि एकटेपणामुळे जोखीम मोठी, असे हे उदाहरण आहे.

शांत खोल्यांनी दिलेले धडे

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. इंदूरच्याच दोन घटना पाहा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही वैद्यकातली अगदी नित्याची, थोड्या मिनिटांची गोष्ट. नेत्र रुग्णालयातली नोकरी परिचारिकांना म्हणूनच सुखाची वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये इंदूर आय हॉस्पिटलमध्ये अशा शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग झाला आणि किमान ११ रुग्णांना एका डोळ्याची दृष्टी गमवावी लागल्याचे समोर आले. शासनाने तेथील शस्त्रक्रियागृहाला टाळे ठोकले. जंतुसंसर्ग हा आवाज करीत येत नाही. तो उपकरणांच्या निर्जंतुकीकरणातल्या, औषधाच्या एखाद्या बाटलीतल्या ढिलाईतून येतो.

दुसरी घटना २०२५ च्या ऑगस्टअखेरची आहे. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या ‘एम. वाय.’मध्ये, नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात दोन बालकांना उंदीर चावले. पुढे ती दोन्ही बालके दगावली. मृत्यूचे कारण उंदराचा चावा नसून जन्मजात व्यंग व आजार असल्याचे रुग्णालयाने म्हटले. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. सुरुवातीच्या कारवाईत दोन नर्सिंग ऑफिसर निलंबित झाल्या, परिचर्या अधीक्षिकेला पदावरून हटवण्यात आले आणि उंदीर-कीटक नियंत्रणाचे कंत्राट असलेल्या कंपनीला दंड झाला. येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की उंदीर मारणे हे काही परिचारिकेचे काम नव्हे. पण उंदीर दिसले तर ते वर कळवले होते का, केव्हा आणि कोणाला, हा प्रश्न तिलाच विचारला जातो. त्या वेळी तारखेसह केलेल्या एका लेखी अर्जाची प्रत हाती असणे आणि नसणे यांत जमीनअस्मानाचे अंतर पडते.

महाराष्ट्रातही हेच दिसते. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागाला आग लागून १० अर्भके गेली. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळून ११ रुग्णांचा मृत्यू झाला, आणि काही दिवसांतच एक वैद्यकीय अधिकारी व तीन परिचारिकांना अटक झाली. इमारतीच्या अग्निसुरक्षेची जबाबदारी ज्यांची, त्यांच्याआधी परिचारिकांना का धरले, असा आक्षेप त्यांच्या संघटनांनी घेतला. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. आपल्यापुरता बोध एवढाच की संकटाच्या क्षणी जी व्यक्ती खोलीत असते किंवा असायला हवी होती, तिच्याकडे पहिले बोट जाते. चोवीस तास खोलीत असायला हवी ती परिचारिकाच.

कायद्याचे चार दरवाजे

परिचारिकेवर जबाबदारी येण्याचे चार मार्ग आहेत. पहिला नुकसानभरपाईचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निर्णय दिला. सर्वांना पूर्णपणे मोफत सेवा देणारी रुग्णालये त्यातून वगळली आहेत, पण त्यांच्याविरुद्ध दिवाणी दावा करता येतो. आज लागू असलेल्या २०१९ च्या कायद्याखाली तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत करता येते. दोन वर्षांपूर्वीच्या एका रात्री आपण कोणते इंजेक्शन किती वाजता दिले, हे कोणाच्या लक्षात राहणार?

येथे व्यापारी कायद्यातले एक तत्त्व उपयोगी पडते. नोकराने नोकरीचे काम करताना केलेल्या चुकीची भरपाई मालकाला द्यावी लागते. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हेच तत्त्व लावले. विषमज्वराने आजारी असलेल्या एका मुलाला परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन शिरेतून दिले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. भरपाई रुग्णालयावर बसली: मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी पाच लाख. ती परिचारिका आवश्यक पात्रतेची नव्हती, आणि जे इंजेक्शन डॉक्टरांनी स्वतः द्यायचे ते तिच्यावर सोपवले गेले, हाही दोषाचा भाग ठरला.

दुसरा दरवाजा फौजदारी कायद्याचा, आणि येथे मालकाची पाठराखण संपते. भरपाई रुग्णालय देईल, पण शिक्षा ज्याची त्यालाच भोगावी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून असे घडले तर ही मर्यादा दोन वर्षांची आहे. परंतु स्पष्टीकरणात ‘नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक’ म्हणजे ज्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत आहे तो, असे म्हटले आहे. परिचारिकेचे नाव असते नर्सिंगच्या नोंदवहीत. म्हणजे शब्दशः वाचले तर डॉक्टरला असलेली ही सवलत परिचारिकेला नाही. ही गोष्ट आपल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवली गेली पाहिजे.

अर्थात प्रत्येक चूक गुन्हा ठरत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की साधी चूक किंवा निर्णयातली गफलत वेगळी आणि घोर निष्काळजीपणा वेगळा. शिवाय फिर्याद चालवण्यापूर्वी तज्ज्ञाचे स्वतंत्र मत घ्यावे. तो निकाल डॉक्टरच्या प्रकरणातला असला, तरी त्यामागचा विचार परिचारिकेलाही आधार देणारा आहे.

तिसरा दरवाजा परिचर्या परिषदेचा आहे. नोंदवहीतून नाव गेले तर व्यवसायच गेला. चौथा नोकरीतल्या चौकशीचा आणि निलंबनाचा. प्रत्यक्षात हा सर्वांत आधी उघडतो, हे आपण इंदूरच्या उदाहरणात पाहिलेच.

लेखणीचे संरक्षण

हिशेबाच्या वर्गात सर शिकवतात की व्हाउचर नाही तर नोंद नाही. रुग्णालयात हेच उलट बाजूने खरे ठरते: नोंद नसेल तर ते काम झालेच नाही असे चौकशीत धरले जाते. म्हणून पहिले संरक्षण म्हणजे नोंद. काम झाल्यावर लगेच लिहावे, आधी लिहून ठेवू नये. वेळ, औषधाचे प्रमाण, नाव आणि सही असावी. मध्ये कोऱ्या ओळी सोडू नयेत. चुकले तर एकच रेघ मारून बाजूला सही करावी; खाडाखोड किंवा पांढरा रंग लावणे म्हणजे खऱ्या नोंदीवरही संशय ओढवून घेणे होय.

“डॉक्टरांना कळवले” एवढे लिहून भागत नाही. किती वाजता, कोणाला, काय सांगितले आणि त्यांनी काय उत्तर दिले, हे लिहावे. फोनवरून औषध सांगितले तर ते परत वाचून दाखवावे, लिहावे आणि डॉक्टर आल्यावर त्यावर सही घ्यावी. अक्षर लागत नसेल तर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही, अंदाजात मात्र धोका आहे.

रुग्ण ओळखावा तो नाव आणि नोंदणी क्रमांक या दोन खुणांनी, खाटेच्या क्रमांकाने नव्हे. खाट बदलते, माणूस तोच राहतो. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम आणि रक्ताची पिशवी या गोष्टी दोघींनी तपासल्याशिवाय देऊ नयेत. चुकीच्या गटाचे रक्त दिल्याच्या चंदीगडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निष्काळजीपणा मान्य केला. असे प्रसंग पिशवीवरचा गट आणि रुग्णाचा गट दोघींनी मिळून वाचल्याने टळतात.

माणसे कमी असतील, यंत्र नादुरुस्त असेल, उंदीर दिसत असतील, आग विझवायचे साधन रिकामे असेल, तर लेखी कळवावे आणि पोच घेतलेली प्रत जवळ ठेवावी. मेट्रनबाईंना राग येईल ही भीती खरी आहे. म्हणून अर्जाची भाषा तक्रारीची नसावी, माहितीची असावी: अमुक तारखेला, अमुक पाळीत, इतके रुग्ण आणि इतक्या परिचारिका होत्या. आकड्यांवर रागावणे कठीण असते.

दुसरे संरक्षण म्हणजे पात्रता. मध्य प्रदेशात नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेतील गैरप्रकारांची केंद्रीय अन्वेषण विभागाकडून तपासणी झाली, आणि मे २०२४ मध्ये त्या तपासातच लाच घेतल्याच्या आरोपावरून खुद्द त्या विभागाच्या अधिकाऱ्यांना अटक झाली. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी मान्यता स्वतः पाहावी. कर्नाटकात शिकून इंदूरला किंवा मुंबईला नोकरी धरणाऱ्यांनी त्या राज्याच्या परिषदेत नोंदणीचे काम आधी उरकावे. जे काम आपल्याला शिकवलेले नाही ते नम्रपणे नाकारावे.

तिसरे संरक्षण विम्याचे. व्यावसायिक जबाबदारीचा विमा सर्वसाधारण विमा कंपन्या परिचारिकांनाही देतात. घेताना चार गोष्टी पाहाव्यात: एका घटनेला किती आणि वर्षभरात एकूण किती रक्कम मिळणार, वकिलाचा खर्च त्यात येतो का, पूर्वी घडलेल्या पण आता दावा झालेल्या घटनेला संरक्षण आहे का, आणि नोकरी बदलली तर पुढे काय. रुग्णालयाच्या पॉलिसीत आपले नाव किंवा पद समाविष्ट आहे का, हेही विचारून घ्यावे. विमा भरपाई देईल, नोंदी लिहून देणार नाही आणि तुरुंगवासही भोगणार नाही, याची जाणीव मात्र ठेवावी.

विभाग कसा निवडावा?

आता ताईच्या प्रश्नाकडे वळू. ज्यात ताण नाही आणि जोखीमही नाही असा विभाग कोणत्याच रुग्णालयात नाही. मात्र आपल्या प्रकृतीला मानवणारा विभाग असतो. ठरलेले काम आवडणारीने शस्त्रक्रियागृह किंवा डायलिसिस पाहावे, माणसांत रमणारीने सामुदायिक आरोग्य, घरी लहान मूल असणारीने बाह्यरुग्ण विभाग, आणि शिकवण्याची हौस असणारीने पुढे शिकून नर्सिंगची शिक्षिका व्हावे. पण विभागाचे नाव पाहून होकार देण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारावेत. एका पाळीत माझ्याकडे किती रुग्ण असतील? अडचणीत हाक मारल्यावर कोण येईल आणि किती वेळात? आणि मी लेखी कळवलेल्या गोष्टीची पोच मिळेल का? ज्या विभागात या तिन्हींची सरळ उत्तरे मिळतात, तो धावपळीचा असला तरी सुरक्षित समजावा. जेथे उत्तरे टाळली जातात, तो कितीही शांत दिसला तरी तेथे विचार करूनच जावे.

पगाराचाही प्रश्न याच्याशी निगडित आहे. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली होती की २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयाने शासकीय वेतनाइतके वेतन द्यावे, आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयातही ते दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. कमी पगारात दोन पाळ्या करणारी थकलेली परिचारिका अधिक चुका करते, हे समजायला कोणत्याही शास्त्राची गरज नाही. जेथे माणसे पुरेशी नाहीत तेथे सर्वांत काळजीवाहू परिचारिकाही एकटी पुरी पडणार नाही, आणि ही जबाबदारी रुग्णालय चालवणाऱ्यांची आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आहे. परिचारिकेला ती पायरी चढायची की नाही हे नेहमीच तिच्या हाती नसते. पण चढावी लागलीच तर हातात काय घेऊन चढायचे, हे मात्र तिच्या हाती असते. ताईला मी हेच कळवले आहे. तिने डायलिसिस विभागासाठी अर्ज केला असून, विचारायचे तीन प्रश्न त्याच अर्जाच्या मागे लिहून ठेवले आहेत.